सहा मार्च, तीन जून

सकाळचा चहा निम्मा प्यायला होता तेव्हा मास्तरने रुग्णालयाकडून आलेली ती तक्रार उघडली, आणि खरं सांगायचं तर त्याला आधी हसूच आलं. पडद्यावर प्रश्नचिन्हांची नुसती रांग लागली होती. चांगल्या सात-आठ ओळी, या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रश्नचिन्हं, मध्येच एखादा स्वल्पविराम, एखादी आडवी रेघ, की पुन्हा प्रश्नचिन्हं. असलं त्याने आजवर ढिगाने पाहिलं होतं. ऑफिसात त्याला मास्तर म्हणत ते उगाच नाही. भाषांचं सगळं खातं त्याच्याकडे होतं. कुठलाही माणूस मोबाइलवर पान उघडो, त्याची भाषा कोणती, तो तारीख कशी लिहितो, हजाराला स्वल्पविराम कुठे देतो, हे पानाने आपलं आपण ओळखावं आणि त्याच्या सवयीचं सगळं त्याच्यापुढे मांडावं, हे मास्तरचं काम. ते करता करता अक्षरांचे हाल कसकसे होतात हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. यंत्राला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. पाठवणाऱ्याने एका तक्त्यावरून आकडे काढले आणि घेणाऱ्याने ते भलत्याच तक्त्यावर लावून पाहिले, की मजकुराचा विचका होतो, डोक्यावर टिंबं असलेली कुठली कुठली अक्षरं उगवतात. पण विचका परवडला. तो उलटा फिरवला की मूळ मजकूर हाती लागतो. प्रश्नचिन्हाचं तसं नसतं. घेणाऱ्याच्या तक्त्यात ते अक्षरच नसलं, की यंत्र अक्षर फेकून देतं आणि त्याच्या जागेवर प्रश्नचिन्ह बसवतं. मागे काही म्हणजे काही उरत नाही. 'विचका म्हणजे पेशंट आजारी आहे, प्रश्नचिन्ह म्हणजे गेला,' असं मास्तर नव्याने लागलेल्यांना सांगत असे, आणि ते हसले की त्यालाही बरं वाटे. आजही तो मनाशी 'कोण बिचारा गेला' असं म्हणाला आणि त्याने पान खाली सरकवलं. रुग्णाचं नाव, प्रश्नचिन्हं. पत्ता, प्रश्नचिन्हं. मग मोबाइल नंबर. आकडे मात्र बचावतात. ते सगळ्या तक्त्यांत एकाच जागी बसतात. शेवटचा एक आकडा सोडला तर तो नंबर मास्तरचा स्वतःचा होता.

पेला हातात होता तो खाली ठेवायचं त्याला सुचलं नाही. तो शेजारचा नंबर बाबांसाठी त्यानेच घेतला होता, आई गेली त्या वर्षी. बाबांना एकच नंबर पाठ, मुलाचा. मग त्यांचा स्वतःचा लक्षात ठेवायला सोपा जावा म्हणून त्याच्या पुढचाच मागून घेतला. दुकानदार म्हणाला होता, 'बापलेकांचं बरं जमलेलं दिसतंय.' ते आता कानात आलं, का आलं कोण जाणे. मास्तरने पान पुन्हा वर सरकवलं. तीच रांग, पण आता तिच्याकडे बघवेना. इथे स्वल्पविराम, म्हणजे इथे ते थांबले. इथे रेघ, म्हणजे इथे त्यांना काहीतरी आठवलं. एवढं सगळं बाबांनी लिहिलं? दर रविवारी फोनवर तीन वाक्यं बोलणारे बाबा! 'बरं आहे. तू कसा? ठेवू का?' चौथं वाक्य ऐकल्याचं त्याला आठवत नव्हतं. आई होती तेव्हा ती फोन घेऊन मधलं सगळं भरून काढायची, 'अरे, त्यांना म्हणायचंय की,' असं म्हणून. ती गेली आणि बाबांना काय म्हणायचंय हे सांगणारं कुणी उरलं नाही. आणि या माणसाने एका रिकाम्या चौकटीत, 'आपल्याला काय त्रास होतो? सविस्तर लिहा' एवढ्या शब्दांवर, सात-आठ ओळी लिहिल्या होत्या. रुग्णालयात नाव नोंदवायचं ते पान याच ऑफिसचं, आणि चौकटीवरचे ते शब्द, आपल्या आणि परक्या दोन्ही भाषांत एकाखाली एक, मास्तरनेच बसवले होते.

"मास्तर, ते तुमच्याच खात्यात ना?" शेजारच्या टेबलावरून टेस्टर बाई म्हणाल्या. दुसऱ्याच्या कामातल्या चुका शोधणं हा त्यांचा पेशा, आणि तो त्या आवडीने करत.

"हं."

"मग पुढचं वाचलंत का? मजकुराचं एक वेळ सोडा. तारखेचं खरं त्रांगडं आहे." त्या खुर्चीसकट सरकत आल्या आणि पडद्यावर बोट ठेवून रुग्णालयाच्या कारकुनाने लिहिलेलं मोठ्याने वाचू लागल्या, पेपरातली बातमी वाचावी तसं. "रुग्ण तीन जूनला हजर झाला. त्याची तारीख सहा मार्च होती. त्या दिवशी न आल्याने नाव रांगेतून काढलं होतं. रुग्णाचं म्हणणं, मोबाइलवर हीच तारीख आहे. त्याने मोबाइल दाखवला, तो बरोबर सांगत होता. डॉक्टरांच्या मते उजव्या डोळ्याच्या पडद्याचं नुकसान आता भरून येण्यासारखं नाही. डावा आधीपासूनच अधू आहे. तरी तारखेचं बघावं." बाईंनी जिभेने च् केलं. "तरी तारखेचं बघावं! बिचारा म्हातारा. तीन महिने वाट बघत बसला असेल हो घरी."

रविवारी तर मास्तरचं बाबांशी बोलणं झालं होतं, तीन जून होऊन गेल्यावर. 'बरं आहे,' म्हणाले होते. डोळ्याचं मास्तरला माहीत नव्हतं असं नाही. थंडीत कधीतरी बाबा म्हणाले होते, 'जरा धूसर दिसतंय, चष्मेवाल्याने मोठ्या रुग्णालयात दाखवा म्हटलंय.' मास्तरने विचारलं, 'नाव नोंदवलंत का?' 'नोंदवलं.' 'तारीख मिळाली?' 'मिळाली.' छान, असं म्हणून त्याने फोन ठेवला होता. कोणती तारीख हे विचारलं नव्हतं. दोन शब्दांचा प्रश्न, पण त्यांच्या घरात प्रश्न विचारायची पद्धतच नव्हती. बाबा शिंपी. गिऱ्हाईक आलं की त्याला शंभर गोष्टी विचारायचे, बाही केवढी, खिसा कुठे, बसताना ताणतं का, हात वर करून दाखवा. तोच माणूस घरी आला की कुणाला काही विचारत नसे आणि कुणी त्याला विचारलेलं त्याला खपत नसे. घरात ओळखायचं असे. ताट सरकवलं म्हणजे पोट भरलं, मशीन जोरात चाललं म्हणजे राग आला. मास्तर लहानपणापासून ओळखण्यात पटाईत झाला आणि मोठेपणी त्याच कसबावर पगार घेऊ लागला. आई म्हणायची, बापावर गेलाय. तेव्हा ते कौतुक वाटायचं.

तपासून बघायची गरजच नव्हती, पण बाईंनी तपासलं. आपल्याकडे आधी दिवस, मग महिना. परक्या भाषेच्या त्या एका मोठ्या देशात आधी महिना, मग दिवस. मोबाइलने आपण त्या देशाचे आहोत असं सांगितलं, की पान लगेच तिथल्या रिवाजाने तारीख मांडणार. सहा मार्चला तीन आधी आणि सहा मागून. वाचणारा आपला माणूस असला तर तो काय वाचणार? तीन जून. बाईंनी आपला फोन त्या देशाचा करून तारीख मागवली आणि ती तशीच्या तशी उलटी उभी राहिली. "घ्या!" त्या म्हणाल्या. "आणि गंमत बघा, बारा तारखेच्या पुढची असती ना, तर कुणाच्याही लक्षात आलं असतं. तेरावा महिना कुठून आणणार? दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, इथे तेरावा महिना आला असता तर म्हातारा वाचला असता की!" त्या स्वतःच्या विनोदावर थोडं हसल्या आणि मास्तरही हसला. आपण हसतोय हे त्याला शेजारच्या बंद संगणकाच्या काळ्या पडद्यात दिसलं, आणि त्या हसण्याची त्याला भीती वाटली.

"पण मला एक कळत नाही," बाई म्हणाल्या. "मजकूर आपल्या भाषेत लिहिलेला असणार, नाहीतर प्रश्नचिन्हं झाली नसती. मग फोन परक्या भाषेत कसा?"

"कुणीतरी लावून दिला असेल."

"कुणीतरी म्हणजे घरचंच कोणीतरी. शहाणं."

आईनंतरच्या त्या महिन्यात तो बाबांकडे राहायला गेला होता आणि हा बोटाने चालणारा फोन त्यांच्या हातात ठेवला होता. बाबा खिडकीशी बसून त्याच्याकडे असे बघत होते जसं एखादं महागाचं कापड कुठून कापायचं ते कळू नये. मास्तरला परत जायची घाई होती. फोन पहिल्यांदा सुरू केला की भाषा विचारतो. यादीत आपली भाषा होती, खाली, पाच-सहा वेळा बोट फिरवल्यावर आली असती. पण मास्तरचा स्वतःचा फोन परक्या भाषेत. उद्या काही अडलं तर तिकडून सांगणार कसं? 'वर उजवीकडे तीन ठिपके, त्याखालचा दुसरा शब्द' हे सांगायला दोन्ही फोन सारखे हवेत. म्हणून परकी भाषा. तिच्याखाली त्या भाषेचे आठ-दहा देश आले, त्यातला सगळ्यात वरचा त्याने दाबला. एका पापणीच्या उघडझापीचं काम. 'हे आपल्या भाषेत होत नाही का रे?' असं बाबांनी विचारलं होतं. त्या माणसाने आपण होऊन विचारलेला तो एक प्रश्न, आणि मास्तर म्हणाला होता, 'होतं, पण हेच बरं पडतं.' कुणाला बरं पडतं हे बाबांनी पुढे विचारलं नाही. लिहिण्याचा कळफलक तेवढा आपल्या भाषेचा घालून दिला, आणि त्यातच आपण फार काही केलं असं मास्तरला वाटलं होतं. आता ते सगळं डोळ्यांपुढे एवढं लख्ख उभं राहिलं की खिडकीवरची धूळसुद्धा दिसली, यादीतल्या पहिल्या नावावर टेकलेलं आपलं बोट दिसलं. पायाखालची जमीन सरकते म्हणतात तसं काही झालं नाही. जमीन होती तिथेच होती, टेबल होतं, बाई होत्या, आणि हेच त्याला सहन होईना.

तेवढ्यात साहेब आला. साहेब तसा सरळ माणूस. त्याचं एकच वेड होतं. 'विचारायचं नाही, ओळखायचं.' पान उघडल्या उघडल्या भाषा निवडा, देश निवडा असं विचारलं की माणूस कंटाळतो आणि निघून जातो, हे त्याचं म्हणणं, आणि ते खोटं नव्हतं. मास्तरने ते उचलून धरलं होतं. रुग्णालयाच्या पानाची बैठक झाली तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, 'निदान तारखेत महिना अक्षरांत लिहा.' त्यावर मास्तर म्हणाला होता, 'अरुंद पडद्यावर मावत नाही, आणि आकडे सगळ्यांना कळतात.' सगळे मान डोलावून उठले होते. मजकुराचंही तसंच. रुग्णालयाचं आतलं यंत्र जुनाट आहे, आपली अक्षरं त्याच्या तक्त्यात नाहीत, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं, कारण चाचणीला त्या चौकटीत सगळ्यांनी परक्या अक्षरांतच काहीतरी बडवलं होतं. आपल्या भाषेत लिहून बघावं असं भाषेच्या मास्तरलाही सुचलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. आणि रुग्णाची खासगी गोष्ट आपल्याकडे ठेवायची नाही म्हणून पान तो मजकूर पुढे पाठवून लगेच विसरून जात असे. तेही बरोबरच होतं. प्रत्येक गोष्ट आपापल्या जागी बरोबरच होती.

"किती जणांना झालं असेल हे?" साहेबाने विचारलं.

"बघावं लागेल," बाई म्हणाल्या. "एकजण तर नक्की. म्हातारा आहे, एक डोळा कामाचा होता, तो गेला."

"अरे देवा. नाव-गाव काही?"

"नाव गेलंय. प्रश्नचिन्हं आहेत."

"नाव मला माहीत आहे," मास्तर म्हणाला. आपला आवाज दुसऱ्याच कुठल्या टेबलावरून येतोय असं त्याला वाटलं. "माझे वडील आहेत ते."

बाईंनी आपलं बोट पडद्यावरून काढून घेतलं, चटका बसल्यासारखं. त्यांनी तोंडावर हात धरला, बहुधा त्या तेराव्या महिन्याच्या हसण्यासाठी, आणि मास्तरला त्यांची दया आली. साहेब म्हणाला, "तू जा. आत्ता जा. आम्ही बघतो." पण मास्तर उठला नाही. त्याने आधी तारखेची ती ओळ उघडली आणि महिना अक्षरांत केला. मग चौकटीतला मजकूर आतल्या यंत्राला न देता अक्षरांचं चित्र करून पाठवायची सोय घातली, म्हणजे निदान माणसाला वाचता तरी यावा. सगळं मिळून इतका थोडा वेळ लागला की निम्मा राहिलेला चहा अजून कोमट होता. अरुंद पडद्यावर महिना नीट मावला. जागा शिल्लक उरली. त्या उरलेल्या जागेकडे तो किती वेळ बघत बसला हे त्याला कळलं नाही.

बसमध्ये त्याला खिडकीची जागा मिळाली आणि बाहेरचं काही दिसलं नाही. त्या सात-आठ ओळी डोळ्यांपुढून हलत नव्हत्या. त्याने त्या फोनवर काढून घेतल्या होत्या आणि पुन्हा पुन्हा उघडून तो त्यात शब्द बसवू बघत होता. पहिली ओळ लहान, मग स्वल्पविराम. 'नमस्कार' असेल का? बाबा कुणाला नमस्कार लिहितील? मग एक लांबलचक वाक्य, मग रेघ. आयुष्यभर ओळखण्यात हुशार म्हणून मिरवलेल्या माणसाला बापाचा एक शब्द ओळखता येत नव्हता. बायकोचा फोन आला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुम्ही त्यांना सरळ विचारा ना, काय लिहिलं होतं." त्याला वाटलं, ही किती सहज म्हणते. मग त्याला लहानपणची एक दुपार आठवली. बाबा सुईत दोरा ओवत होते आणि तो शेजारी बसून बघत होता. दोरा ओला करायचा, डोळा बारीक करायचा, आणि एका झटक्यात आत. दुसरा झटका कधी लागत नसे. त्याने विचारलं होतं, 'बाबा, तुम्हाला ते भोक दिसतं?' बाबांनी उत्तर दिलं नव्हतं, दोरा ओवलेली सुईच त्याच्यापुढे धरली होती. हेच ते उत्तर, हे त्याने ओळखलं होतं आणि ओळखल्याचा केवढा आनंद झाला होता! आपलेच दात आणि आपलेच ओठ, राग तरी कुणावर काढणार. शेजारच्या प्रवाशाने त्याच्याकडे वळून पाहिलं, तेव्हा आपल्या तोंडातून काहीतरी आवाज निघाला असावा असं मास्तरच्या लक्षात आलं.

दार बाबांनीच उघडलं. "कोण?" म्हणाले, आणि मग आवाज ऐकून, "अरे, तू? आज कसा?" ते त्याच्याकडे बघत होते आणि बघत नव्हते, नजर त्याच्या कानाच्या जरा पलीकडे, दाराच्या चौकटीवर होती. मास्तरने मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

खोली होती तशी होती. खिडकीशी मशीन, त्याच्यावर कापडाचं झाकण. आई होती तेव्हाही दिवसा त्या मशीनवर झाकण कधी पडत नसे. मास्तर खुर्चीच्या कडेवर बसला. एवढ्यात शेजारच्या काकू आल्या. पँटची चेन बदलायला दिली होती ती परत न्यायला, तशीच, न बदलता. "राहू दे हो, काही घाई नाही," असं बाबांना म्हणत त्यांनी पँट उचलली, आणि मास्तरला बघताच त्यांना राहवेना. "बरं झालं आलास. अरे, मी यांना म्हणत होते, डोळ्याचं काम आणि तीन-तीन महिन्यांनी कुठे बोलावतात का? एक फोन करून विचारा. मी करते म्हटलं, नंबर द्या. ऐकतील तर शपथ! दर आठवड्याला म्हणत होते रे मी."

"काकू, असू दे आता," बाबा म्हणाले. काकू पँट पोटाशी धरून थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि गेल्या.

मास्तरने विचारलं. त्या घरात बहुधा पहिल्यांदाच असं समोरासमोर कुणी काही विचारलं असेल. "का नाही केलात फोन, बाबा?"

बाबांनी मशीनवरचं झाकण चाचपून नीट केलं, नीटच होतं ते. "कुणाला करणार?" ते म्हणाले. "पान तू केलेलं. नाव मोबाइलवरच नोंदवा म्हणणाऱ्या रुग्णालयातल्या मुलीला मी सांगितलंसुद्धा, हे आमच्या मुलाचं काम आहे. आता तिलाच फोन करून म्हणू, की तारीख चुकीची वाटते म्हणून? चार लोकांत तुझं काम तपासायला लावायचं?" ते थांबले. "तूच म्हणाला होतास ना, यात चुकायला जागाच नाही, विचारायलासुद्धा लागत नाही. मग मी म्हटलं, असेल. मोठं रुग्णालय आहे, तीन महिने लागत असतील."

मास्तरला वाटलं, ओरडावं. 'ते मी उगाच म्हणालो होतो, फुशारकी होती ती,' असं सांगावं. पण ते वाक्य आपण कधी बोललो हेसुद्धा त्याला आठवत नव्हतं. कुठल्यातरी रविवारी, फोन ठेवता ठेवता. आणि त्या वाक्यावर हा माणूस डोळा गहाण टाकून तीन महिने बसला होता, काकू दर आठवड्याला दार ठोठावत असताना. रागावले असते, शिव्या दिल्या असत्या, तर मास्तर त्याखाली मान घालून उभा तरी राहिला असता. बाबा रागावलेले नव्हते. त्याचं काम झाकून ठेवलं, यात आपण काही विशेष केलं असंही त्यांना वाटत नव्हतं.

"त्या चौकटीत काय लिहिलं होतंत?" त्याने विचारलं. "सविस्तर लिहा म्हटलं होतं तिथे. ते पोचलं नाही, बाबा. कुणीच वाचलं नाही ते."

"पोचलं नाही?" बाबांच्या कपाळावर आठी पडली. एवढ्या वेळात पहिल्यांदाच ते दचकलेले दिसले, डोळ्यासाठी दचकले नव्हते इतके. "मला वाटलं, डॉक्टरांनी वाचून ठरवलं असेल की याची काही घाई नाही." मास्तरने काही ओळखायचा प्रयत्न केला नाही. तो नुसता वाट बघत राहिला. "काय लिहिणार. तेव्हा दिसत होतं तसं लिहिलं. सुईचं टोक दिसतं, नाकं दिसतं, मधली सुई दिसत नाही. भिंतीवर तुझ्या आईचा फोटो आहे. त्याची चौकट दिसते, खिळा दिसतो, मधे ती नाही. जिथे बघावं तिथेच नेमकं नाहीसं होतं. कडेकडेचं सगळं नीट. असं लिहिलं होतं की डाव्याने आधीच साथ सोडलीये, हा गेला तर माझं काम गेलं, तर कृपा करून जरा लवकर बघा." ते किंचित हसले. "पहिल्यांदाच कुणी एवढं विचारलं होतं, म्हणून लिहीत गेलो."

"आता मी दिसतो का तुम्हाला?"

"कान दिसतो. शर्टाची बाही दिसते. खांद्यात ढिला झालाय तो, बारीक झालास." बाबा त्याच्या कानाकडे बघत होते. "मधलं नाही दिसत."

मास्तर उठला. काहीतरी करायलाच हवं होतं, हातांना काही काम हवं होतं, नाहीतर त्याने काय केलं असतं कोण जाणे. बाबांचा फोन मशीनच्या कोपऱ्यावर पडला होता तो त्याने उचलला. "भाषा बदलून देतो," तो घाईघाईने म्हणाला. "आपली लावून देतो. तुम्ही तेव्हाच म्हणाला होतात. आत्ता देतो बदलून." यादी पुढेच सरकत होती, आपली भाषा अजून खाली होती.

"नको," बाबा म्हणाले. त्यांनी हात पुढे केला, जरा बाजूला, मग नीट. "दे इकडे. आता नको फिरवूस."

"अहो, पण ही परकी अक्षरं..."

"अक्षरं कोण बघतंय? तू सांगितलंस ना, वर उजवीकडे, मग खालचा दुसरा. ते बोटांना पाठ झालंय. आपल्या भाषेत केलंस तर सगळं हललं असेल, मग मला बघावं लागेल." त्यांनी फोन हातात घेतला, मान खिडकीकडे वळवली आणि न बघता अंगठा फिरवला, वर उजवीकडे, खाली, पुन्हा खाली. एका झटक्यात. दुसरा झटका लागला नाही.

मास्तरच्या खिशातला फोन वाजू लागला.

"लागला ना?" बाबा म्हणाले. "बघ."